'इंट्रेपिड'वरचे प्रोकोपिओ आणि बारा सागरी मैल

आल्फ्रेड प्रोकोपिओ अमेरिकन नौदलात होते. नोव्हेंबर १९६४ ते जुलै १९६७ या काळात त्यांची नेमणूक 'इंट्रेपिड' या विमानवाहू नौकेवर होती. जुलै १९६६ मध्ये ही नौका दक्षिण व्हिएतनामच्या किनाऱ्यालगत, त्या देशाच्या सागरी हद्दीत तैनात होती. यावर कुणाचाच वाद नव्हता. चाळीस वर्षांनी, ऑक्टोबर २००६ मध्ये, त्यांनी मधुमेहासाठी अपंगत्व भरपाईचा अर्ज केला आणि पुढच्या ऑक्टोबरमध्ये प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी दुसरा. हे दोन्ही आजार एजंट ऑरेंजशी, म्हणजे अमेरिकेने त्या युद्धात फवारलेल्या तणनाशकाशी, जोडलेल्या आजारांच्या सरकारी यादीत आहेत. तरीही एप्रिल २००९ मध्ये दोन्ही अर्ज फेटाळले गेले. अपील मंडळानेही मार्च २०११ मध्ये आणि पुन्हा जुलै २०१५ मध्ये नकार दिला. कारण प्रत्येक वेळी तेच होतं: हा माणूस व्हिएतनामच्या भूमीवर किंवा तिथल्या नद्या-खाड्यांत गेल्याचा पुरावा नाही, म्हणून त्याचा तणनाशकाशी संपर्क आला असं गृहीत धरता येत नाही.

हे प्रकरण वैद्यकशास्त्राचं वाटतं, पण ते तसं नाही. प्रोकोपिओंना मधुमेह आहे का, कर्करोग आहे का, यावर कुणी भांडलं नाही. भांडण होतं पुराव्याच्या ओझ्यावर. आधी ते ओझं सैनिकाच्या खांद्यावर का होतं, मग ते का उतरवलं गेलं आणि समुद्रातल्या सैनिकांच्या खांद्यावर ते पुन्हा कसं चढवलं गेलं, हे पाहिल्याशिवाय प्रोकोपिओंच्या बाजूने लागलेल्या २०१९ च्या निकालाचं मोल कळत नाही.

अमेरिकेच्या माजी सैनिक व्यवहार खात्याकडून अपंगत्व भरपाई मिळवायला साधारण तीन गोष्टी दाखवाव्या लागतात. आज आजार आहे, सेवेत असताना काही घडलं होतं, आणि त्या घडण्याचा या आजाराशी संबंध आहे. सैनिक जिन्यावरून पडला आणि गुडघा गेला, तर तिन्ही गोष्टी कागदावर सापडतात. रसायनाच्या बाबतीत पहिलीच तेवढी सापडते. १९६२ ते १९७१ या काळात 'रँच हँड' मोहिमेत अमेरिकन विमानांनी दक्षिण व्हिएतनामवर जवळजवळ २ कोटी गॅलन तणनाशकं फवारली. जंगलाची पानं झडावीत म्हणजे खाली लपलेला शत्रू दिसेल, आणि शेतं करपावीत म्हणजे त्याचं अन्न तुटेल, हा हेतू होता. त्यातलं सर्वांत जास्त वापरलं गेलेलं मिश्रण म्हणजे एजंट ऑरेंज. २,४-डी आणि २,४,५-टी ही दोन रसायनं त्यात निम्मी निम्मी असत. पिंपांवर नारिंगी पट्टा असायचा, त्यावरून हे नाव पडलं. खरं विष या दोन्हींत नव्हतं. २,४,५-टी तयार होताना त्यात टीसीडीडी नावाचं डायॉक्सिन अशुद्धी म्हणून उतरायचं, ते विष होतं.

कुठल्या शिपायाच्या अंगावर त्याचे किती कण पडले, याची मोजणी कुणी केली नाही. डायॉक्सिन चरबीत साठतं आणि वर्षानुवर्षं हळूहळू कमी होत जातं. दर सात ते अकरा वर्षांनी त्याचं प्रमाण निम्म्यावर येतं, असं साधारण मानतात. म्हणजे चाळीस वर्षांनी रक्त तपासून १९६६ सालचं काहीही सिद्ध करता येत नाही. पुरावा सैनिकाने हरवलेला नाही. तो कधी गोळाच केला गेला नाही.

ही अडचण ओळखूनच अमेरिकन संसदेने १९९१ मध्ये एजंट ऑरेंज कायदा केला. ९ जानेवारी १९६२ ते ७ मे १९७५ या काळात ज्याने 'व्हिएतनाम प्रजासत्ताकात', म्हणजे दक्षिण व्हिएतनाममध्ये, 'सेवा केली' आणि ज्याला यादीतला आजार झाला, त्याचा तणनाशकाशी संपर्क आला होता आणि त्यातूनच आजार झाला, असं कायदाच गृहीत धरू लागला. सरकारला हे खोडायचं असेल तर उलट पुरावा सरकारने द्यायचा. यादीत भर घालण्यासाठी राष्ट्रीय विज्ञान अकादमीने ठरावीक काळाने संशोधनाचा आढावा घ्यायचा. प्रोस्टेटचा कर्करोग १९९६ मध्ये यादीत आला, दुसऱ्या प्रकारचा मधुमेह २००१ मध्ये, हृदयाला रक्त कमी पडण्याचा आजार आणि पार्किन्सन २०१० मध्ये.

आपल्याकडच्या वाचकाला हे तत्त्व परकं वाटू नये. भारतीय सैन्यातून अपंगत्वामुळे बाहेर पडलेल्या जवानाला निवृत्तिवेतनासाठी आजार सेवेमुळे झाला किंवा सेवेमुळे बळावला हे ठरावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये धरमवीर सिंग खटल्यात सांगितलं की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर जवान तेव्हा धडधाकट होता असं मानायचं आणि आजार सेवेतला नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची. सातारा-कोल्हापूरकडच्या ज्या घरांनी अशा प्रकरणांचे कागद हाताळले आहेत, त्यांना प्रोकोपिओंच्या नकारपत्रातली भाषा लगेच ओळखू येईल.

तर कायदा १९९१ मध्ये झाला आणि सुरुवातीची काही वर्षं समुद्रातल्या सैनिकांनाही तो लागू होत होता. व्हिएतनाम सेवा पदक मिळालेलं असेल आणि उलट पुरावा नसेल तर खातं ते सेवेचा पुरावा म्हणून चालवून घेत असे, आणि हे पदक किनाऱ्यालगतच्या जहाजांवरच्या लोकांनाही मिळालेलं होतं. मग वळण आलं. १९९७ मध्ये खात्याच्या कायदा सल्लागारांनी एका मतात म्हटलं की केवळ खोल समुद्रातल्या जहाजावर असणं म्हणजे व्हिएतनाममधली सेवा नव्हे. २००२ मध्ये कार्यालयीन नियमपुस्तिकेतून पदकाची सोय काढून टाकली गेली. आता निकष जमिनीवर पाय ठेवण्याचा झाला. नदीतल्या गस्ती बोटींवरचे लोक आत राहिले आणि समुद्रातले बाहेर गेले. संसदेने कायद्याचा एक शब्दही बदलला नव्हता. हजारो माणसांचा हक्क काढून घेणारी गोष्ट नियमपुस्तिकेतल्या दुरुस्तीने होते, हे मला या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत अस्वस्थ करणारं वाटतं. त्यावर सभागृहात चर्चा झाली नाही आणि कुणाला हात वर करून मत द्यावं लागलं नाही.

रेषा कुठे ओढायची हेही खात्याला नीट सांगता आलं नाही. सामान उतरवायला तासभर धक्क्यावर गेलेला खलाशी पात्र, आणि तोच धक्का नजरेसमोर ठेवून महिनोन्महिने नांगर टाकून राहिलेला त्याचा सोबती अपात्र. दा नांग बंदर तिन्ही बाजूंनी जमिनीने वेढलेलं आहे आणि त्याच्या शेजारच्या हवाईतळावर या रसायनाची पिंपं साठवली जात. तरी ते बंदर 'समुद्र' धरलं गेलं. २०१५ मध्ये ग्रे खटल्यात माजी सैनिकांच्या दाव्यांच्या न्यायालयाने आतलं पाणी आणि बाहेरचं पाणी यांची ही विभागणी मनमानी ठरवली. त्यानंतर खात्याने व्याख्या पुन्हा लिहिली, पण त्याने बंदरातले लोक आत आले नाहीत.

त्याहून बोलका एक नियम खात्याच्या स्वतःच्याच पुस्तकात होता. १९९० मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या अभ्यासात व्हिएतनामला गेलेल्या सैनिकांमध्ये नॉन-हॉजकिन लिम्फोमा या कर्करोगाचं प्रमाण जास्त आढळलं, आणि त्यातही ते सर्वाधिक होतं समुद्रातल्या जहाजांवरच्या नौसैनिकांमध्ये. त्यानंतर या एका आजारापुरती खात्याने किनाऱ्याबाहेरच्या पाण्यातली सेवा व्हिएतनाममधली सेवा मानली. म्हणजे लिम्फोमा झाला तर समुद्र व्हिएतनामचा आणि मधुमेह झाला तर नाही.

२००८ मध्ये समुद्रातल्या सैनिकांची बाजू न्यायालयात एकदा हरली होती. जोनाथन हास हे 'माउंट कॅटमाय' या दारूगोळा वाहणाऱ्या जहाजावर होते. जमिनीवर फवारलेलं रसायन वाऱ्याबरोबर जहाजापर्यंत यायचं, असं त्यांचं म्हणणं होतं. २००६ मध्ये ते जिंकले. मे २००८ मध्ये फेडरल सर्किट अपील न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने दोन विरुद्ध एक मताने तो निकाल उलटवला. कायद्याचे शब्द संदिग्ध आहेत आणि संदिग्ध शब्दांचा खात्याने लावलेला वाजवी अर्थ न्यायालयाने मान्य करायचा, असं त्यांचं म्हणणं होतं. जानेवारी २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला. तीनच महिन्यांनी प्रोकोपिओंचा अर्ज फेटाळला गेला.

जहाजावर रसायन पोचायचं तरी कसं, हा प्रश्न मात्र रास्त आहे, आणि त्याला टाळून पुढे जाणं योग्य नाही. वाऱ्याने थोडंफार येत असेल. नद्यांमधून गाळाबरोबर किनाऱ्याच्या पाण्यात उतरत असेल. पण खरी विचार करायला लावणारी गोष्ट ऑस्ट्रेलियातून आली. ऑस्ट्रेलियाचे सैनिकही त्या युद्धात होते, आणि त्यांच्या नौसैनिकांमधलं मृत्यूचं प्रमाण भूदलातल्या सैनिकांपेक्षा जास्त दिसत होतं. असं का, याचा शोध घेताना क्वीन्सलंड विद्यापीठातल्या संशोधकांनी जहाजांच्या पाण्याकडे पाहिलं. युद्धनौका पिण्याचं पाणी समुद्रातूनच बनवत. खारं पाणी तापवायचं, वाफ थंड करायची आणि मिळालेलं गोडं पाणी पिण्याला, स्वयंपाकाला, बॉयलरला वापरायचं. ऊर्ध्वपातनाने पाणी शुद्ध होतं असं आपण शाळेत शिकतो. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात उलट दिसलं: डायॉक्सिन वाफेबरोबर वर जातं, आणि तयार झालेल्या पाण्यात त्याचं प्रमाण मूळ पाण्यापेक्षा वाढतं. मीठ खाली राहायचं आणि विष पेल्यात यायचं. ऑस्ट्रेलियाने या अभ्यासानंतर आपल्या नौसैनिकांच्या दाव्यांची दखल घेतली.

अमेरिकेत हा प्रश्न विज्ञान अकादमीच्या वैद्यक संस्थेकडे गेला. २०११ च्या अहवालात तिने मान्य केलं की ऊर्ध्वपातनाने असं होऊ शकतं. पण त्या काळात त्या समुद्राच्या पाण्यात डायॉक्सिन किती होतं याची मोजमापंच नाहीत. म्हणून हे नौसैनिक बाधित झाले होते की नव्हते, हे सांगता येत नाही. शास्त्रज्ञ म्हणून त्यांनी प्रामाणिक उत्तर दिलं. खात्याने या 'सांगता येत नाही'चा अर्थ 'नाही' असा घेतला, आणि मला वाटतं संपूर्ण प्रकरणाचं मर्म इथे आहे. जमिनीवरच्या शिपायाबद्दलही कुणालाच काही सांगता येत नव्हतं. फवारणी झालेल्या भागापासून दूर, सायगावच्या एखाद्या कचेरीत टंकलेखन करणाऱ्यालाही कायदा संशयाचा फायदा देतच होता. माहिती नसणं हा सरकारचा दोष होता. त्या दोषाचा भार सरकारने उचलावा, यासाठीच तर कायद्यात गृहीतक घातलं गेलं. समुद्रातल्या माणसाकडून पुन्हा पुरावा मागायचा म्हणजे १९९१ पूर्वीच्या जागी परत जायचं.

प्रोकोपिओंच्या अपिलात फेडरल सर्किटने स्वतःहून ठरवलं की हे प्रकरण तीन न्यायमूर्तींच्या पीठाऐवजी पूर्णपीठापुढे चालावं. २९ जानेवारी २०१९ रोजी नऊ विरुद्ध दोन मतांनी निकाल लागला आणि हास खटल्यातला निकाल रद्द झाला. बहुमताचा निकाल न्यायमूर्ती किंबर्ली मूर यांनी लिहिला. त्यात डायॉक्सिनवर, वाऱ्यावर, पिण्याच्या पाण्यावर काहीच ठरवायची गरज पडली नाही. प्रश्न इतकाच घेतला गेला: १९९१ मध्ये संसदेने 'व्हिएतनाम प्रजासत्ताक' असं लिहिलं तेव्हा त्याचा अर्थ काय होता? हे एका सार्वभौम देशाचं अधिकृत नाव आहे. देशाच्या सार्वभौमत्वात त्याची सागरी हद्द येते. १९५८ च्या आंतरराष्ट्रीय करारात ते लिहिलं आहे, आणि १९८२ च्या सागरी कायद्याच्या कराराने ती हद्द १२ सागरी मैलांपर्यंत मानली आहे. अमेरिकेने स्वतःची हद्दही १९८८ मध्ये १२ मैलांची केली होती. न्यायालयाने १९५४ च्या जिनिव्हा कराराकडेही बोट दाखवलं. व्हिएतनामची फाळणी करणारी रेषा त्या कराराने जमिनीवर न थांबवता सागरी हद्दीतही पुढे नेली होती. (त्या कराराच्या अंमलबजावणीवर देखरेख ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाचं अध्यक्षपद भारताकडे होतं, हे आपल्याकडे फारसं कुणाला आठवत नाही.) शब्दांत संदिग्धता नाही, म्हणून खात्याच्या अर्थापुढे झुकण्याचा प्रश्नच उरत नाही. एका न्यायमूर्तींनी स्वतंत्र मतात आणखी पुढे जाऊन म्हटलं की शंका असलीच तर माजी सैनिकांच्या हिताचा कायदा सैनिकाच्या बाजूने वाचायचा, हे जुनं तत्त्व इथे आधी लावायला हवं होतं.

विरोधात गेलेल्या दोघांचा मुद्दाही फेकून देण्यासारखा नव्हता. अकरा वर्षं उभा असलेला निकाल मोडू नये, आणि एवढा खर्च करायचा की नाही हे संसदेने ठरवावं, असं ते म्हणत होते. अडचण एवढीच की संसद तोवर ठरवतच आली होती. जून २०१८ मध्ये प्रतिनिधिगृहाने या नौसैनिकांना सामावून घेणारं विधेयक ३८२ विरुद्ध शून्य मतांनी मंजूर केलं होतं. डिसेंबरमध्ये सेनेटमध्ये दोन सदस्यांनी खर्चाचं कारण पुढे करून ते अडवलं.

निकालानंतर चित्र पालटलं. सरकारने सर्वोच्च न्यायालयात न जाण्याचं ठरवलं. मे २०१९ मध्ये विधेयक पुन्हा आलं, ४१० विरुद्ध शून्य मतांनी गेलं, सेनेटने जूनमध्ये विरोधाशिवाय मंजूर केलं आणि २५ जून २०१९ रोजी त्याचा कायदा झाला. खर्च भागवण्यासाठी माजी सैनिकांना मिळणाऱ्या गृहकर्जावरचं शुल्क वाढवलं गेलं. एका सैनिकाचं देणं दुसऱ्या सैनिकाच्या घराच्या हप्त्यातून फेडायचं, हे मला पटत नाही. देणं सगळ्या देशाचं होतं.

आणि मग सहा महिने आणखी गेले. कायदा १ जानेवारी २०२० पासून लागू होणार होता. १ जुलै २०१९ रोजी खात्याच्या सचिवांनी तोपर्यंत या प्रकारचे सगळे दावे थांबवून ठेवण्याचा आदेश दिला. तयारीला वेळ हवा, हे कारण खोटं नसेल. पण सत्तरी ओलांडलेल्या, कर्करोगाशी झुंजणाऱ्या माणसाच्या दृष्टीने सहा महिन्यांचा अर्थ वेगळा असतो.

हक्क मिळाला म्हणजे नेमकं काय मिळालं? भरपाई आजाराच्या तीव्रतेनुसार शून्य ते शंभर टक्के अशा दहा-दहाच्या टप्प्यांत ठरते आणि दरमहा, करमुक्त मिळते. प्रोस्टेटचा कर्करोग सक्रिय असेपर्यंत शंभर टक्के धरला जातो. उपचार संपल्यावर फेरतपासणी होऊन उरलेल्या त्रासानुसार टक्केवारी ठरते. गोळ्या आणि पथ्यावर आटोक्यात असलेला मधुमेह सहसा वीस टक्क्यांत बसतो, पण मज्जातंतू, मूत्रपिंड, डोळे यांवर झालेले त्याचे परिणाम वेगळे मोजले जातात आणि आकडा चढतो. सैनिक या आजाराने गेला असेल तर त्याच्या पत्नीला स्वतंत्र मासिक रक्कम मिळते. मागे नकार मिळालेल्यांसाठी नव्या कायद्यात मोठी तरतूद आहे: २५ सप्टेंबर १९८५ नंतर अर्ज करून फेटाळला गेला असेल, तर पुन्हा अर्ज केल्यावर भरपाई मूळ अर्जाच्या तारखेपासून धरता येते.

'पुन्हा अर्ज केल्यावर' ही अट मात्र अनेकांना अडकवणारी होती. जे वारले त्यांनी अर्ज कसा करायचा? इथे एक जुना खटला कामी आला. १९८६ मध्ये सुरू झालेल्या नेहमर खटल्यात १९९१ साली खात्याने न्यायालयापुढे कबूल केलं होतं की नवा आजार मान्य झाला की पूर्वी चुकीने नाकारलेली प्रकरणं खातं स्वतःहून उघडेल आणि मागची बाकी देईल. नोव्हेंबर २०२० मध्ये कॅलिफोर्नियातल्या संघीय न्यायालयाने सांगितलं की ही कबुली समुद्रातल्या सैनिकांनाही लागू आहे. आता फायली काढून पाहण्याचं काम खात्याचं झालं. सैनिक हयात नसेल तर बाकी त्याच्या वारसांना द्यायची.

प्रत्यक्षात हे काम उभं राहतं जहाजांच्या नोंदवह्यांवर. अमेरिकन नौदलात प्रत्येक जहाजाची डेक नोंदवही असते आणि तीत दिवसातून ठरावीक वेळी जहाजाचे अक्षांश-रेखांश लिहिलेले असतात. त्या काळच्या वह्या राष्ट्रीय अभिलेखागारात होत्या. त्यांची पानं स्कॅन करून, जागा नकाशावर मांडून, कोणतं जहाज कोणत्या तारखेला १२ मैलांच्या आत होतं हे काढता येतं. म्हणजे पुरावा पन्नास वर्षं सरकारच्याच कपाटात होता. तो शोधायला मात्र आजारी म्हाताऱ्या माणसांना सांगितलं जात होतं.

रेषा ओढली की कुणीतरी पलीकडे राहतंच. तेराव्या मैलावरच्या जहाजावर ज्याने सगळी सेवा केली, त्याला आजही संपर्क स्वतः सिद्ध करावा लागतो. थायलंडमधल्या तळांवरचे, गुआमवरचे, लाओस-कंबोडियातले सैनिक ऑगस्ट २०२२ च्या पॅक्ट कायद्याने आत आले. त्याच कायद्याने उच्च रक्तदाबही यादीत आला, आणि त्या वयाच्या लोकांमध्ये तो किती जणांना असतो हे सांगायला नको. आणि ज्यांच्या शेतांवर, विहिरींवर हे सगळं फवारलं गेलं, त्या व्हिएतनामी लोकांसाठी असं कोणतंही गृहीतक अमेरिकेच्या कायद्यात नाही. त्यांच्या संघटनेने रसायन कंपन्यांवर न्यूयॉर्कमध्ये केलेला दावा २००५ मध्ये फेटाळला गेला. अमेरिकन सैनिकांना त्याच कंपन्यांनी १९८४ मध्ये तडजोडीने १८ कोटी डॉलर दिले होते. दा नांग विमानतळावरची दूषित माती अमेरिकेच्या मदतीने २०१८ पर्यंत साफ झाली, बिएन होआ इथलं मोठं काम त्यानंतर सुरू झालं. माती साफ करण्याला मान्यता मिळाली. माणसांच्या आजाराची जबाबदारी अजून स्वीकारलेली नाही.

ज्यांच्या घरात त्या काळी अमेरिकन नौदलात असलेलं कुणी होतं, त्यांना आज करण्यासारखं काम अगदी ठोस आहे. जहाजाचं नाव आणि त्यावर असण्याच्या तारखा सेवा-कागदांवरून काढायच्या, खात्याने प्रसिद्ध केलेल्या जहाजांच्या यादीत ते नाव पाहायचं, यादीतला आजार झाल्याचा डॉक्टरांचा कागद जोडायचा आणि पूर्वी नकार मिळाला असेल तर त्या नकाराची तारीख अर्जात ठळक लिहायची, कारण मागची बाकी त्या जुन्या अर्जापासून मोजली जाते. सैनिक वारला असेल तर मृत्यूच्या दाखल्यावर मृत्यूचं कारण काय लिहिलं आहे ते आधी वाचायचं. मधुमेह किंवा कर्करोग मूळ कारण असूनही दाखल्यावर नुसतं 'हृदय बंद पडणे' असेल, तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून तसं लिहून घ्यावं लागतं, आणि ते डॉक्टर निवृत्त होण्याआधी.